चूक सांगायची तालीम

सकाळी ६

फार्मसी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या आजच्या प्रॅक्टिकलला खलबत्ता लागणार नाही आणि मोजपात्रही नाही. लागणार आहेत पुठ्ठ्याची कार्डं, गोळ्यांचे काही रिकामे पत्ते, दोन बाटल्या आणि एक मोबाइल. औषध देताना चूक झाली तर ती पेशंटला, त्याच्या घरच्यांना आणि डॉक्टरला कशी सांगायची, हे आज पोरांकडून बोलून घ्यायचं आहे. म्हणून चहाच्या आधीच कार्डं लिहायला बसते.

प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला मेडिकलवाल्याला काय ठाऊक आहे ते लिहिते, दुसऱ्या बाजूला पेशंटच्या घरी काय घडलंय ते. गोळी चुकीची गेली एवढं मेडिकलवाल्याला कळलेलं असतं. ती किती वेळा घेतली, उपाशीपोटी की जेवून, उरलेल्यातली शेजारणीला दिली का, हे त्याला माहीत नसतं. समोरचा माणूस घाबरलेला किंवा चिडलेला असताना ते काढून घेणं, हा आजचा खरा अभ्यास.

डिप्लोमाचा १९९१ पासून चालत आलेला अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिलने २०२० च्या नियमांनी बदलला. 'हॉस्पिटल अँड क्लिनिकल फार्मसी'त आता मेडिकेशन एररचा भाग आहे. व्याख्या, प्रकार, परिणाम, टाळायचे उपाय, सारखी दिसणारी नि सारखी ऐकू येणारी औषधं, सगळं आहे. 'कम्युनिटी फार्मसी'च्या प्रॅक्टिकलला पेशंटशी बोलण्याचा सराव आहे. मी या दोन्हींची गाठ घालते. चुकांवरचं पाच मार्कांचं उत्तर आमची पोरं छान लिहितात. तेच एखाद्या घराच्या ओट्यावर उभं राहून म्हाताऱ्या बाईला सांगायचं झालं की त्यांची बोबडी वळते. ती दुकानात वळण्यापेक्षा माझ्या वर्गात वळलेली बरी.

सकाळी साडेसात

कॉलेजला जाण्याआधी बसस्टँडकडच्या एका मेडिकलवर थांबते. दुकान माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं आहे. नव्या बॅचसाठी उदाहरणं मला पुस्तकात कमी आणि इथे जास्त मिळतात.

पारोळा धुळे-जळगाव महामार्गावरचं तालुक्याचं गाव. धुळं पस्तीसेक किलोमीटरवर. हाडांचा, हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा डॉक्टर गाठायचा तर माणसं धुळ्याला, जळगावला नाहीतर अमळनेरला जातात. चिठ्ठी तिकडे लिहिली जाते, पहिल्या महिन्याच्या गोळ्याही तिकडेच घेतल्या जातात, आणि दुसऱ्या महिन्यापासून ती मळलेली, घडीवर फाटलेली चिठ्ठी इथल्या काउंटरवर येते. अक्षर लागलं नाही तर विचारायला डॉक्टर समोरच्या गल्लीत नसतो. लेटरहेडवरच्या नंबरला फोन लावला की "सर ओपीडीत आहेत, नंतर करा" ऐकू येतं. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, अशी दुरुस्ती मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केली. काही जण लिहितातही. पण चिठ्ठी नसतानाच येणारा गिऱ्हाईक जास्त. तो रिकामा पत्ता दाखवतो, नाहीतर म्हणतो, "ती बारीक गुलाबी, बीपीची."

आज एक बाई चार गोळ्या मागते. दहाच्या पत्त्याला पैसे नाहीत. विद्यार्थी कात्री घेतो. कापताना तो काय करतो ते मी मुद्दाम जवळून बघते. पत्त्याच्या एका टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी ठोकलेली असते. ते टोक दुकानदार शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवतो, कारण उरलेल्या गोळ्या त्याला विकायच्या असतात. बाईच्या हातात जातो मधला तुकडा. त्याच्या पाठीवर औषधाच्या नावाची मागची तीन अक्षरं, मिलिग्रॅमचा आकडा अर्धा कापलेला. उद्या तिला चक्कर आली आणि तो तुकडा घेऊन ती दवाखान्यात गेली, तर चांदीच्या कागदातल्या पांढऱ्या गोळीवरून कोणीही काही सांगू शकणार नाही. माझा विद्यार्थी तुकडा कागदी पाकिटात घालतो. पाकिटावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, तारीख आणि दुकानाचा नंबर लिहितो. मागे रांग असते, तरी लिहितो. शेवटी बाईचा मोबाइल नंबर विचारून बिलाच्या स्थळप्रतीवर टाकतो. ती म्हणते, "बिल नको भाऊ." तो म्हणतो, "बिल राहू द्या काकू, नंबर सांगा."

ही नंबर घेण्याची सवय मला फार महत्त्वाची वाटते. चूक दुकानदाराच्या लक्षात येते तोवर गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं. त्याचं नाव-गाव माहीत नसेल तर चूक सांगायची दानत असूनही सांगता येत नाही.

सकाळी १०

थिअरीचा तास. वर्गात पारोळ्याच्या आसपासच्या खेड्यांतली, एरंडोल-अमळनेरकडची पोरं-पोरी. बहुतेकांच्या घरी कापूस आणि मका. डिप्लोमा झाला, ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग झालं, नोंदणी झाली की यातले कितीतरी जण आपल्याच गावात मेडिकल टाकतील. मोठ्या रुग्णालयात चुकीची चौकशी करायला समिती असते, वरिष्ठ असतात. खेड्यातल्या मेडिकलवर एकटा माणूस असतो, आणि समोरचं गिऱ्हाईक त्याच्या भावकीतलं नाहीतर शेताच्या बांधाला बांध असलेलं असतं.

मी आकड्यांनी सुरुवात करते, कारण चूक ही फक्त आळशी माणसाची असते हा समज आधी काढावा लागतो. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अंदाज दिला की तिथल्या रुग्णालयांत चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात. त्या अहवालाने दोष माणसांवर न ढकलता कामाच्या पद्धतीवर बोट ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांवर जगभराची मोहीम काढली, तेव्हा या चुकांचा वर्षाचा खर्च ४२ अब्ज डॉलर धरला होता. आपल्याकडचं उदाहरण म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल सांगते. मलेरियाच्या दोन औषधांची नावं, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. भांडण ट्रेडमार्कचं होतं, पण न्यायालयाने म्हटलं की औषधाच्या नावातला गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून तिथे इतर मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे.

"मॅडम, पण सांगितलं तर लायसन जाईल ना?" मागच्या बाकावरून प्रश्न येतो. दरवर्षी येतो, आणि यायलाच हवा. त्याला जोडून दुसरा म्हणतो, "लायसनचं सोडा, आमच्या गावात दुकान फोडतील." एक मुलगी हळूच म्हणते, "मालक म्हणतील, गप बस. पेशंटला काही झालं नाही तर कशाला सांगायचं?"

या तिन्ही भीती खऱ्या आहेत, मी त्या उडवून लावत नाही. इंग्लंडमधली एक घटना सांगते. २००७ साली तिथल्या एका फार्मासिस्टच्या हातून प्रेडनिसोलोनच्या जागी प्रोप्रॅनोलॉल गेलं. एक दम्यासाठी-सुजेसाठी द्यायचं औषध, दुसरं रक्तदाबाचं. पेशंट वारली. फार्मासिस्टवर फौजदारी खटला झाला आणि २००९ मध्ये तिला तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. अपिलात २०१० मध्ये ती जाऊन दंडावर आली. पण फार्मासिस्ट लोकांनी जो धडा घ्यायचा तो घेतला होता, की चूक कबूल करणं धोक्याचं. शेवटी २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला आणि नकळत झालेल्या, लक्षात येताच पेशंटला कळवलेल्या चुकीला बचाव मिळाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चुका स्वतःहून सांगायला सुरुवात केली. दावे वाढतील अशी भीती होती, प्रत्यक्षात ते कमी झाले.

आपल्याकडे असा बचाव कायद्यात लिहिलेला नाही, हेही मी स्पष्ट सांगते. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशननुसार पेशंटला औषधाची माहिती देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. औषध बरोबर असेल तेव्हाच माहिती द्यायची आणि चुकलं की गप्प बसायचं, असा अर्थ त्यातून निघत नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी राज्यभर एक गोष्ट लावून धरली होती, की दुकान उघडं आहे तर फार्मासिस्ट दुकानात हजर हवा. त्यावर दुकानदारांनी संप केले. मला त्या आग्रहाचं मोल या विषयात फार जाणवतं. परवाना भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्या गावी, अशा दुकानात चूक ओळखणारंच कोणी नसतं, मग सांगणार कोण?

साडेअकरा

प्रॅक्टिकल हॉलमध्ये एक टेबल काउंटर म्हणून मांडतो. समोर स्टुलावर जिजी बसतात. जिजी निवृत्त परिचारिका. चाळीसेक वर्षं आरोग्य केंद्रांत काढलेल्या, अस्सल अहिराणी बोलणाऱ्या. पेशंटचं काम करायला मी त्यांना बोलावते, कारण पोरं एकमेकांसमोर पेशंट झाली की हसतात, आणि जिजींसमोर कोणाला हसू येत नाही.

पहिलं कार्ड. दीड वर्षाचं मूल, वजन १० किलो, ताप. चिठ्ठीत पॅरासिटामॉलचं सिरप, ५ मिलिलीटर. ५ मिलिलीटर सिरपमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे या वजनाला बरोबर डोस. दुकानातून काल संध्याकाळी सिरपऐवजी ड्रॉप्सची बाटली गेली. ड्रॉप्समध्ये एकेका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम. आजीने घरच्या मापाने ५ मिलिलीटर पाजलं, म्हणजे एका वेळी ५०० मिलिग्रॅम. चौपट.

जिजी येतात आणि कार्डात लिहिलेलं एकच वाक्य म्हणतात, "बाटली सरी गयी, भाऊ. दुसरी दे."

पहिला मुलगा बाटली काढून देतो. कार्ड त्याच्या हातात आहे, तरी देतो, कारण गिऱ्हाईकाने मागितलं की द्यायचं हे हाताला बसलेलं. मी थांबवते. फळ्यावर १५ लिहिते. ड्रॉप्सची बाटली १५ मिलिलीटरची. या मुलाला बरोबर मापाने ती तीन दिवस पुरली असती. काल संध्याकाळी नेलेली आज सकाळी संपते म्हणजे पोटात किती गेलं? सगळे हिशोब करतात. १५०० मिलिग्रॅम. किलोमागे १५०. हॉलमधली कुजबुज थांबते.

दुसरा मुलगा येतो. हुशार आहे, हिशोब त्याला कळलाय, पण तोंडातून निघतं, "आजी, तुम्ही बाटलीवरचं वाचलं नाही का?" जिजी पदर सावरून ताठ बसतात. "मी काय साळामा गयेल शे?" बस. यापुढे आजी काहीही सांगणार नाही. किती वेळा पाजलं विचारलं तर ती आता कमीच सांगेल, कारण दोष आपल्यावर येतोय हे तिला कळलंय. कमी सांगितलेल्या आकड्यावर डॉक्टर उपचार ठरवतील. विचारण्याच्या त्या सुराची किंमत थेट मुलाच्या यकृतापर्यंत जाते, हे मी पोरांना इथेच, याच क्षणी सांगते.

तिसरी मुलगी जराशी थरथरतेच. ती "सॉरी आजी, सॉरी" म्हणत राहते. माफी मागितली पाहिजे, पण नुसती माफी आजीच्या काय कामाची? आजीला कळायला हवं की काय झालं आणि आता काय करायचं. जिजी विचारतात, "आते काय व्हई मना नातूले?" मुलगी म्हणते, "काही होणार नाही आजी, घाबरू नका." मी पुन्हा थांबवते. हे तिला माहीत नाही, म्हणून तिने म्हणायचं नाही. पॅरासिटामॉल जास्त गेलं तर पहिल्या दिवशी मूल खेळत असतं, फार तर एखादी उलटी होते. यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी दिसते. एकदम मोठा डोस गेला असेल तर एन-ॲसिटिलसिस्टिन हा उतारा पहिल्या ८ तासांत सुरू झाल्यास सगळ्यात चांगला लागू पडतो, नंतर फायदा घटत जातो. आज दुपारपर्यंत सांगितलं तर रक्त तपासता येईल, उतारा द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. परवा सांगितलं तर नुसती हळहळ उरेल.

चौथा मुलगा तामसवाडीकडचा. वर्गात फारसा बोलत नाही. तो काउंटरच्या मागून बाहेर येतो, जिजींच्या शेजारी वाकून उभा राहतो आणि आपल्या बोलीत म्हणतो, "आजी, काल आम्हीन चुकीनी बाटली दिधी. चूक आम्हनी शे, तुम्हनी नही. काल पाईन कितला टाइम पाजं, ते मले सांगा."

जिजी बोटांवर मोजून सांगतात. तो कागदावर वेळा लिहून घेतो. मग म्हणतो, "पोऱ्याले आते दवाखानामा लई चला. मी संगे येस."

टाळ्या वाजतात, जिजी त्याच्या पाठीवर हात ठेवतात. मी पोरांना त्याने काय केलं ते पुन्हा पाहायला लावते. तो काउंटरच्या बाहेर आला. चूक कोणाची ते पहिल्या वाक्यात सांगून टाकलं, त्यामुळे आजीला स्वतःला वाचवायची गरज उरली नाही आणि तिने खरा आकडा दिला. काही होणार नाही असंही म्हणाला नाही आणि घाबरवलंही नाही. रिकामी बाटली मात्र तो मागून घ्यायला विसरला. ती डॉक्टरांना दाखवायला लागते. ते मी त्याच्या कार्डावर लाल पेनाने लिहिते.

दुपारी दीड

कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. जिजींना आज पोरींनी आपल्यात बसवून घेतलंय. हसण्याचा आवाज स्टाफरूमपर्यंत येतो.

दुपारी २

आता फोन. पेशंटला सांगण्यापेक्षा डॉक्टरला सांगायला आमची पोरं जास्त घाबरतात. लहानपणापासून डॉक्टरसमोर खाली मान घालून उभं राहायची सवय, आणि त्यात डिप्लोमावाला म्हणजे 'मेडिकलवर बसणारा'. मी शेजारच्या खोलीत जाऊन डॉक्टर होते, मोबाइलवर बोलते. मुद्दाम घाईत, मुद्दाम तुटक.

कार्ड मेथोट्रेक्झेटचं आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिच्यासोबत फॉलिक ॲसिडची गोळी इतर दिवशी देतात. दोन्ही लहान, दोन्ही पिवळ्या, आणि काही ब्रँडांची नावंही 'फोलि', 'फॉल' अशीच सुरू होणारी. कार्डातल्या पेशंटला पाकिटावर 'रोज' असं लिहून मेथोट्रेक्झेट गेलंय. २.५ मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या सलग सहा दिवस. तोंडात फोड आलेत, जेवण जात नाही. घरच्यांना वाटतंय उष्णता झाली.

पहिला फोन: "सर नमस्कार, सर तुम्ही बिझी आहात का सर, ते सर एक पेशंट होते सर..." मी फोन ठेवून देते. खरा डॉक्टरही बहुधा ठेवेल. दुसरा फोन: "सर, तुमच्या चिठ्ठीचा थोडा प्रॉब्लेम झाला." चिठ्ठी बरोबर होती, प्रॉब्लेम पाकिटाचा होता. ढकललेली जबाबदारी फोनवरूनही ऐकू येते. मी म्हणते, "माझ्या चिठ्ठीत काय प्रॉब्लेम?" आणि पुढची दोन मिनिटं चिठ्ठीवरच वाद चालतो, पेशंट बाजूला.

मग फळ्यावर आम्ही मिळून फोनचं पहिलं वाक्य बांधतो. बराच वेळ जातो, खोडाखोड होते. शेवटी उरतं ते असं: "डॉक्टर, मी पारोळ्याहून फार्मासिस्ट बोलतोय. तुमच्या संधिवाताच्या पेशंटला आमच्या चुकीने मेथोट्रेक्झेट १० मिलिग्रॅम सहा दिवस रोज गेलंय, तोंडात फोड आहेत, गोळी मी आत्ता बंद केली आहे." एवढं एका दमात सांगितलं की कोणताही डॉक्टर खुर्चीत सरळ बसतो. रक्तातल्या पेशी बघायच्या, किडनी बघायची, फॉलिनिक ॲसिड द्यायचं का, कुठे भरती करायचं, हे तो पुढे बोलतो. फार्मासिस्टने ते लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, आणि पेशंटला आपण काय सांगितलंय तेही डॉक्टरला कळवायचं, म्हणजे दोघांच्या तोंडून दोन गोष्टी जायला नकोत.

उलटं कार्डही आहे, चूक डॉक्टरच्या चिठ्ठीतली. तिथे पोरांचा कल पेशंटसमोर "डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय" म्हणण्याकडे असतो. पेशंटसमोर तेवढंच म्हणायचं की या गोळीबद्दल डॉक्टरांना एक गोष्ट विचारून घेतो, दहा मिनिटं बसा. खोटं काही नाही त्यात. पण डॉक्टर फोनवर आला नाही आणि डोस धोक्याचा दिसत असेल तर गोळी द्यायची नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. या वाक्याला वर्गात नेहमी शांतता पसरते. दुकानाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता काय असतो ते या पोरांना घरातूनच माहीत आहे. तरीही मी ते वाक्य मागे घेत नाही.

दुपारी ४

हॉलच्या कोपऱ्यात एक जाड वही आहे. सुट्टीत मेडिकलवर काम करणाऱ्या पोरांनी पाहिलेल्या चुका त्यात लिहायच्या. दुकानाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. काय मागितलं, काय गेलं, कधी कळलं, पुढे काय केलं. आज नवी नोंद आहे. डोळ्यांत घालायचे थेंब आणि कानात घालायचे थेंब एकाच ड्रॉवरमध्ये. बाटल्या सारख्या, टोपणं पांढरी. देता देता लक्षात आलं म्हणून वाचलं. खाली वेगळ्या अक्षरात कोणीतरी लिहिलंय, "आम्ही ड्रॉवर बदलला." न घडलेल्या चुकीची नोंद मला घडलेल्या चुकीइतकीच मोलाची वाटते.

औषध बरोबर असूनही पेशंटला त्रास झाला तर त्याची नोंद वेगळी. फार्माकोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. पोरांकडून तो प्रत्येकी एक भरून घेते, नंबर पाठ करून घेते.

संध्याकाळी सव्वासात

भाजी चिरत असताना फोन. तीन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता एका खेड्यात मालकाचं मेडिकल सांभाळतो. "मॅडम, चूक झाली माझ्याकडून. ॲम्लोडिपिनचा पत्ता काउंटरवरच राहिला आणि ग्लिमेपिराइड कमी भरतंय. सकाळी एका आजोबांना गेलं असणार. त्यांना शुगर नाहीये, फक्त बीपी आहे."

"फोन केलास त्यांना?"

"नंबर नाही. घर माहितीये, मळ्यात राहतात."

"मग माझ्याशी बोलत थांबू नकोस. ग्लुकोमीटर घे, ग्लुकोजची पावडर घे, निघ. शुद्धीत असले, गिळता येत असलं तर साखरपाणी दे. गुंगीत असले तर तोंडात काही घालू नकोस, १०८ लाव. आणि गाडीवर बसताना पहिलं वाक्य मनात म्हणून घे."

फोन ठेवल्यावर भाजीत मन लागत नाही. ग्लिमेपिराइडचा असर सहज दिवसभर राहतो, म्हाताऱ्या माणसात, किडनी जुनी झालेली असेल तर आणखी लांबतो. साखर खाऊन माणूस उठून बसतो, घरचे म्हणतात झालं बरं, आणि मध्यरात्री शुगर पुन्हा घसरते.

रात्री साडेनऊ

त्याचा फोन येतो तो दवाखान्याच्या व्हरांड्यातून. आजोबांनी दुपारी जेवायच्या आधी गोळी घेतली होती. संध्याकाळी घाम, हातपाय थरथर. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. शुगर ५२ निघाली. साखरपाणी दिलं, वर आली, तरी त्याने त्यांना घरी राहू दिलं नाही. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलंय, ग्लुकोजची बाटली चालू आहे, दर तासाला शुगर बघणार आहेत.

"काय सांगितलंस घरच्यांना?"

"दारातच सांगितलं, की बाबा, सकाळी मी तुम्हाला बीपीची गोळी द्यायच्या जागी शुगरची दिली, चूक माझी आहे, तुम्ही किती घेतल्या ते सांगा. मुलाने कॉलर धरली मॅडम. मी काही बोललो नाही. शुगर मोजायची आहे एवढंच म्हणालो, मग त्यानेच सोडलं." थोडं थांबून तो विचारतो, "आता तो म्हणतोय लिहून दे. मालकांचा फोन आलाय, काहीही लिहून देऊ नको म्हणून. काय करू?"

त्याच्या मालकाची भीती मला समजते. उद्या हाच कागद त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे त्याला मी लपवत नाही. पण आत कॉटवर असलेल्या माणसावर रात्रपाळीच्या डॉक्टरला उपचार करायचे आहेत, आणि नेमकी कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे या पोराशिवाय खात्रीने कोणालाच माहीत नाही.

"लिही," मी म्हणते. "कागद आहे ना? तारीख टाक. सकाळी दुकानातून कोणती गोळी द्यायची होती आणि कोणती गेली, दोन्हींची पूर्ण नावं, मिलिग्रॅम, बॅच नंबर. त्यांनी एक गोळी किती वाजता घेतली. तुला किती वाजता कळलं, तू किती वाजता पोचलास, शुगर किती होती, काय दिलंस. अंदाज लिहू नकोस, मत लिहू नकोस, दुसऱ्या कोणाचं नाव लिहू नकोस. खाली सही आणि तुझा नोंदणी क्रमांक. त्याचे तीन फोटो काढ. मूळ कागद सिस्टरकडे फाईलला लावायला दे, एक फोटो मुलाला पाठव, एक मालकांना, आणि एक तुझ्याकडे ठेव. त्यांच्या बीपीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा पत्ता देऊ नकोस. आणि मुलाने काही खाल्लंय का बघ, तोही दुपारपासून उपाशी असेल."